देवमाशांची वरची बाजू

फ्रेमवाल्या काकूंचं दुकान म्हणजे खरं तर अर्धंच दुकान. एका गाळ्याच्या मधोमध प्लायवूड ठोकून त्याचे दोन केलेले. उजवीकडे काका शिलाई मशीनवर बसत आणि डावीकडे काकू फ्रेमा करत. फ्रेमांचा धंदा मूळचा काकांच्या वडिलांचा. पण पोरवयात काच कापताना काकांचा अंगठा असा काही फाटला की पुन्हा काचेला हात लावणार नाही म्हणून त्यांनी कापडाची वाट धरली. पुढे सासऱ्यांची नजर अधू झाली. दुकान बघणार कोण, असा प्रश्न आला, तेव्हा इतिहासात पदवी घेऊन नुकतीच घरात आलेली सून "मी बसते चार दिवस" म्हणाली आणि बसली ती बसलीच. शिक्षिका व्हायचं राहून गेलं. आता गल्लीतल्या घराघरांत भिंतीवर जे काही टांगलेलं आहे, त्यातलं निम्मं काकूंच्या हातून गेलेलं आहे.

सासऱ्यांनी एकच गोष्ट शिकवली होती. "सूनबाई, चित्राच्या आत बघायचं नाही. आत काय आहे ते गिऱ्हाईकाचं. आपलं राज्य कडेपुरतं." काकूंनी ते इतकं मनावर घेतलं की लग्नाच्या ग्रुप फोटोत स्वतःची सख्खी बहीण बसलेली असूनही त्यांना ती दिसली नव्हती. दिसली होती ती फोटोच्या कोपऱ्याला पडलेली घडी.

पण गिऱ्हाईकाला बोलायला आवडतं. फ्रेमची पट्टी निवडून झाली, माप घेऊन झालं की ते हमखास विचारतं, "कसं वाटतं हो चित्र?" त्यासाठी काकूंनी एक वाक्य तयार ठेवलं होतं. "बघून शांत वाटतं." हे वाक्य धबधब्याला चालायचं, आजोबांना चालायचं, दोऱ्याने भरलेल्या पोपटाला चालायचं. एकदा तर उधळलेल्या घोड्यांच्या चित्राला चाललं. ते गिऱ्हाईक दोन क्षण घोड्यांकडे बघत राहिलं आणि म्हणालं, "तुम्ही म्हणता ते खरं आहे."

आणि हेच वाक्य त्यांनी आपल्या मुलीला फोनवर ऐकवलं. तिथून सगळा घोळ झाला.

मुलीला घरी ठकी म्हणत. ठकीने चांगली बँकेतली नोकरी सोडून कॅमेरा घेतला होता, आणि तोही लग्नकार्याचे फोटो काढायला नव्हे, तर देवमाशांचे. बोटीवर जायचं, समुद्रात उतरायचं, देवमासे दिसेपर्यंत वाट बघायची. काकू नातेवाइकांना "फोटोग्राफीत आहे" एवढंच सांगत. पुढचा प्रश्न आला की दुधाचं पातेलं आठवून आत जात. आता ठकीचं पहिलं प्रदर्शन लागणार होतं. फोटोंचे मोठे प्रिंट लॅबमधून थेट आईच्या दुकानात आले होते, कारण ठकीचा हट्ट होता की फ्रेमा आईनेच करायच्या. ती स्वतः पुन्हा बोटीवर निघाली होती आणि परतणार होती ती थेट उद्घाटनाच्या दिवशी. समुद्रात आत गेलं की रेंज नसते, म्हणून तिने बंदरावरूनच फोन केला.

"मिळाले ना प्रिंट? बघितलेस?"

"बघितले की." पुठ्ठ्याची लांब नळी काकूंच्या पायाशी उभी होती आणि तिच्या टोकाची चिकटपट्टी अजून तशीच होती.

"सगळ्यात शेवटचा बघितलास? तो मोठा? आई, तो माझा सगळ्यात आवडता आहे."

"तो तर फारच सुंदर."

"सुंदर म्हणजे काय गं? तू माझे फोटो कधी धड बघतच नाहीस. काय वाटलं ते सांग ना."

काकूंच्या तोंडून सवयीने निघून गेलं. "बघून शांत वाटतं."

काकूंना वाटलं, फोन कटला. मग ठकीचा आवाज आला. "आई. तुला कळलं. इथे बोटीवरच्या शिकलेल्या माणसांना मला अर्धा तास समजवावं लागलं आणि तुला नुसतं बघून कळलं!" पाठीमागे कोणीतरी हाका मारत होतं. "चल, ठेवते. मी सगळ्यांना सांगणार आहे, माझ्या आईने न सांगता ओळखलं."

काकू फोन हातात धरून बसल्या. आपल्याला नेमकं काय कळलंय, हे त्यांना कळत नव्हतं.

नळी उघडून त्यांनी प्रिंट टेबलावर पसरले. बाकीचे सरळ होते. एकात पाण्यातून वर आलेली शेपटी, तिच्यावरून ओघळणारं पाणी, मागे आकाश. एकात उडी मारून निम्मा बाहेर आलेला देवमासा. एकात फवारा. कुठे क्षितिज, कुठे ढग, कुठे बोटीचं टोक. वर काय नि खाली काय, आंधळ्यालाही सांगता आलं असतं. मग त्यांनी शेवटचा मोठा प्रिंट उलगडला, चार कोपऱ्यांवर चार वजनं ठेवली आणि चष्मा पुसला.

फोटो काळा-पांढरा. सगळीकडे सारखाच राखाडी रंग, कुठे उजळ नाही, कुठे गडद नाही. पाण्याचा पृष्ठभाग नाही, तळ नाही, वरून येणारा उन्हाचा कवडसा नाही. आणि त्या राखाडीत काही लांबच लांब काळी अंगं, एकमेकांपासून थोडी थोडी दूर, सगळी एका दिशेला. एका टोकाला बोथट, जसं कोणी करवतीने कापलंय. दुसऱ्या टोकाला निमुळती, पंख्यासारखी शेपूट. एक त्यातल्या त्यात लहान, मोठ्याच्या अंगाला लागून.

काकूंनी प्रिंट आडवा धरला. पोहताहेत. उभा धरला. वर चालले आहेत. फिरवला. आता बुडताहेत. चौथ्यांदा फिरवला तेव्हा मगाचा पहिला बरोबर वाटत होता की दुसरा, तेच आठवेना. प्रिंटच्या मागे काही लिहिलेलं नव्हतं. ठकीला वाटलं असणार, यात काय लिहायचं? आणि आईला तर न सांगता कळलेलं आहे.

फोन लावावा तर रेंज नाही. निरोप टाकून ठेवावा तर काय टाकावा? "तुझ्या आवडत्या फोटोची वरची बाजू कोणती?" म्हणजे चोर स्वतःच चौकीत जाऊन बसल्यासारखं. नुसता फोटो उलटा टांगला गेला असता तर एक वेळ हसण्यावारी नेता आलं असतं. पण इतक्या वर्षांनी पोरीला पहिल्यांदा वाटलं होतं की आईला आपलं काम कळतं. ते एका खिळ्यावर लटकून होतं.

"अहो," त्यांनी प्लायवूडवर टकटक केलं. "जरा इकडे या."

काका गळ्यात टेप घालूनच आले. फोटोकडे बघून म्हणाले, "बाटल्या आहेत का?"

"देवमासे आहेत."

"मग आडवेच असणार. मासा कधी उभा राहिलेला बघितलायस?"

"उडी मारताना राहतो की. हा बघा, या फोटोत."

"तिथे पाणी उडतंय. इथे उडतंय का?" काकांनी मान तिरपी केली, मग आणखी तिरपी केली. "पण टांगायचेच असतील तर शेपटीकडून टांग. पँट आम्ही पायाकडूनच टांगतो. घडी मोडत नाही."

"पँट नाहीये ती!"

"मग मला कशाला बोलावलंस? मला पँटीतलं कळतं." आणि ते मशीनवर जाऊन बसले. थोड्या वेळाने प्लायवूडपलीकडून आवाज आला, "तिलाच विचार ना सरळ. आई आहेस तू तिची, पाहुणी नाहीस." काकूंनी प्रिंट पुन्हा एकदा फिरवला. फोनवर आपण काय बोलून बसलो, ते त्यांनी काकांनाही सांगितलं नव्हतं.

समोरच्या चष्म्याच्या दुकानातले गृहस्थ काकूंना वहिनी म्हणत आणि दुपारी काचेचे तुकडे मागायला येत. त्यांना काकूंनी सहज विचारल्यासारखं विचारलं. त्यांनी प्रिंट हातभर लांब धरला, जवळ आणला, एक डोळा झाकला, मग दुसरा.

"डोळा शोधायचा वहिनी. डोळा सापडला की चेहरा सापडतो, आणि चेहरा सापडला की माणूस सरळ की उलटा ते कळतं." भिंग लावून ते बराच वेळ प्रिंटवर नजर फिरवत राहिले. "हा. हा डोळा. एवढ्या धिप्पाड धडाला एवढासा! आणि तोही मिटलेला दिसतोय."

"मग? सरळ कुठे?"

"चेहराच नाहीये हो याला," ते म्हणाले. "कपाळावरून एकदम शेपूट." भिंग खिशात टाकत त्यांनी जाता जाता सल्ला दिला, "मी तर म्हणतो आडवं लावा. लोकांच्या माना दुखणार नाहीत."

काकूंनी फोनवर देवमाशांचे फोटो शोधले. शेकडो आले. आडवे पोहणारे आले, उभे उसळणारे आले, खाली सूर मारणारे आले. प्रत्येक प्रकार कुठे ना कुठे सापडत होता आणि प्रत्येक सापडला की काकूंना वाटायचं, हेच ते. मग दुसरा सापडायचा.

कामाला उशीर करून चालणार नव्हतं. फोटोभोवती जो जाड पांढरा पुठ्ठा बसतो, त्याला माउंट म्हणतात. त्याची खालची पट्टी वरच्यापेक्षा बोटभर रुंद ठेवायची असते, नाहीतर फोटो चौकटीतून खाली घसरत चालल्यासारखा दिसतो. म्हणजे माउंट कापला की खालची बाजू ठरली. काकूंनी आडव्या फोटोसाठी पेन्सिलने खुणा केल्या. खोडल्या. उभ्यासाठी केल्या. खोडल्या. पांढऱ्या पुठ्ठ्यावर पेन्सिलची काजळी पसरली आणि तो वाया गेला. सासरे असते तर म्हणाले असते, सूनबाई, पुठ्ठा वाया का गेला? आत बघतेयस होय?

खरंच, आत बघत होत्या. इतकी वर्षं चुकवलं ते आता चुकवता येत नव्हतं. बघता बघता ती अंगं त्यांना ओळखीची वाटू लागली. एकाच्या कातडीवर डोक्याजवळ पांढरे ओरखडे होते. दुसऱ्याची शेपूट कडेला फाटलेली. मोठी अंगं सुरकुतलेली, काळ्या मनुक्यासारखी, आणि तरी काहीतरी असं की नजर हलत नव्हती. एवढाली धुडं आणि एकाचाही दुसऱ्याला धक्का नाही. लहानगं मोठ्याला नुसतं टेकलेलं. हे सुंदर आहे का? काकूंना ठरवता येईना. बघत राहावंसं वाटत होतं आणि त्याच वेळी प्रिंट गुंडाळून नळीत घालावासाही वाटत होता. असं एकाच फोटोने कसं होईल?

शेवटी त्यांनी जे केलं ते त्यांच्या धंद्यात कोणी करत नाही. माउंटच्या चारही पट्ट्या सारख्या कापल्या. आणि फ्रेमच्या मागे, जिथे वरच्या बाजूला दोन कड्या ठोकतात, तिथे चारही बाजूंना कड्या ठोकल्या. आता ही चौकट कशीही टांगता येणार होती. काकूंनी मागून तिच्याकडे बघितलं. चारही बाजूंनी कड्या असलेली फ्रेम म्हणजे चारही दिशांना दारं असलेलं घर. आपलीच त्यांना लाज वाटली.

प्रदर्शनाच्या हॉलवर एक जाडजूड मिशीवाला माणूस भिंतीला लेव्हलची पट्टी लावून फ्रेमा टांगत होता. बाकीच्या झरझर लागल्या. शेवटची उचलून त्याने पाठ बघितली आणि थांबला.

"काकू, हे काय? वरची बाजू कुठली?"

"तुम्हाला कशी वाटते?"

"मला काय वाटायचंय? मी फक्त वाकडं लागलं नाही ना, ते बघतो." त्याने फ्रेम भिंतीला टेकवली. "कड्या तुम्हीच मारल्यात ना? मग सांगा. मी मनाने टांगलं आणि उद्या बोंबाबोंब झाली तर माझ्या नावावर."

काकूंनी इकडेतिकडे पाहिलं. मदतीला कोणी नव्हतं. मासे आडवे असतात. काका म्हणाले, चष्मेवाले म्हणाले, जगात सगळे तेच म्हणाले असते. "आडवा," त्या म्हणाल्या. खिळा ठोकल्याचा आवाज हॉलभर घुमला, आणि तो घुमत असतानाच त्यांना वाटलं की फोटो उभाच हवा होता.

ठकी उद्घाटनाला आली ती थेट बंदरावरून. केस खारट, नाकावरची कातडी सोललेली, पायात ओल्या चपला. आल्या आल्या आईच्या गळ्यात पडली. "ही माझी आई," तिने सगळ्यांना सांगितलं. "फ्रेमा हिच्या. आणि तो शेवटचा फोटो हिला एका बघण्यात कळला." लोक काकूंकडे कौतुकाने बघू लागले. काकूंना पाणी प्यावंसं वाटलं.

घोळका भिंतीने सरकत सरकत शेवटी त्या फोटोपाशी आला. "काय ऐटीत पोहताहेत!" कोणीतरी म्हणालं. "जोडीजोडीने." ठकी बोलत होती ती बोलायची थांबली. तिने फोटोकडे पाहिलं, मग आईकडे. चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर काकूंना सोपं गेलं असतं. आपण घर चुकलो की काय, असं दारात उभं राहून वाटावं, तसा तो चेहरा होता.

लोक पुढे गेल्यावर ती हळूच म्हणाली, "आई, हे झोपलेत."

"झोपलेत?"

"तूच म्हणालीस ना शांत वाटतं? मला वाटलं तुला कळलं की ते झोपलेत. हे देवमासे उभे झोपतात गं. पाण्यात, कुठेही न टेकता, सगळे एकत्र."

काकूंनी ओठ मुडपले. बहाणे पुष्कळ होते. हॉलवाल्याने चुकवलं, असंही म्हणता आलं असतं. मिशीवाला तिथेच उभा होता.

"मी बघितला नव्हता," त्या म्हणाल्या. "तू फोन केलास तेव्हा नळी बंद होती. ते वाक्य मी सगळ्यांनाच सांगते."

"सगळ्यांना?"

"पोपटाला पण सांगितलंय."

ठकीला हसू फुटलं, पण ते अर्ध्यात विझलं. "का नाही बघत तू? इतकी वर्षं झाली. बाबा निदान दर वेळी 'बाटल्या आहेत का' असं तरी विचारतात."

"शेपटी दिसते, पाणी दिसतं, सगळं दिसतं," काकू म्हणाल्या. "आणि मग मला वाटतं, हे ज्या अर्थी एवढं मोठं दिसतंय, त्या अर्थी तू किती जवळ असशील. मी मासा बघतच नाही. मी तुला शोधत बसते, आणि तू कुठल्याच फोटोत नसतेस. मग कडेचं माप घेते."

ठकीने फ्रेम भिंतीवरून काढली. मागच्या कड्या पाहिल्या, आईकडे पाहिलं आणि आता मात्र खळखळून हसली. "चारही बाजूंना?"

"ठरत नव्हतं."

"बरं झालं," म्हणत तिने फ्रेम उभी फिरवली, खिळ्यावर अडकवायला गेली आणि थांबली. पुन्हा फिरवली. शेपट्या वर. पुन्हा डोकी वर. तिच्या कपाळावर आठी पडली. "थांब हं."

"काय झालं?"

"डोकी वर असतात बहुतेक. पण कधी कधी काही खाली डोकं करूनही झोपतात. आणि त्या दिवशी..." ती थबकली. "त्या दिवशी मीच डोकं खाली करून होते. वरून सूर मारून खाली गेले होते आणि तसाच फोटो घेतला. आभाळ भरलेलं, सगळीकडे एकच उजेड. मलाही क्षणभर कळेना, वर कुठे ते."

काकूंनी तिचा दंड धरला. "कळेना म्हणजे?"

"क्षणभर गं. मग तोंडातून थोडी हवा सोडली. बुडबुडे गेले ते वर."

एवढं सहज सांगितलं, जसं काही गल्ली चुकले आणि पानवाल्याला विचारलं. काकूंना ओरडावंसं वाटलं, आणि ओरडून काय म्हणायचं ते सुचेना. पोरगी समोर उभी होती, धडधाकट, नाक सोललेली. जे व्हायचं नव्हतं ते झालेलं नव्हतं. मग तिचा दंड सोडवत का नव्हता?

"डोकी वर," ठकीने ठरवलं. फ्रेम लागली. मिशीवाल्याने लेव्हलची पट्टी ठेवली, मान हलवली आणि गेला.

आता ते उभे होते. राखाडी पाण्यात, कशालाही न धरता, मोठे आणि लहान, डोळे मिटून. काकूंनी कडा बघितल्या नाहीत. किती तरी वेळ त्या मधोमध बघत राहिल्या. सुंदर होतं. एवढं सुंदर की त्याची भीती वाटावी, आणि भीती वाटत असूनही मान वळवता येऊ नये. कोणाला विचारावं, दोन्ही एकत्र चालतं का म्हणून?

"तू कुठे होतीस यात?" त्यांनी विचारलं.

"इथेच. तू आत्ता उभी आहेस ना, बरोब्बर तिथे. एवढ्याच अंतरावर."

काकूंनी खाली आपल्या पायांकडे पाहिलं. हॉलची साधी फरशी होती. मागून कोणीतरी अदबीने म्हणालं, "ताई, जरा बाजूला होता का? फोटो दिसत नाहीये." काकूंना ते ऐकू आलं, पण पाऊल मागे टाकावं की पुढे, हे काही केल्या त्यांना ठरवता येईना, आणि त्या तिथेच उभ्या राहिल्या.